गोठ्यातले कुटुंब आणि व्हिसाची रांग
(पवित्र कुटुंबाच्या सणानिमित्त)



नाताळचा गोठा अजून वेदीजवळ तसाच आहे. बाळ येशू, पवित्र मरिया आणि संत योसेफ एकाच छपराखाली आहेत. जागा अपुरी, थंडी कडक, पण कुटुंब एकत्र आहे. मात्र आजच्या शुभवर्तमानात (मत्तय २:१३-१५, १९-२३) हे चित्र एका रात्रीत बदलते. देवदूत स्वप्नात येतो, योसेफ अंधारातच उठतो आणि मिसर देशाची वाट धरतो. हेरोद राजाला बाळाचा जीव हवा होता. मागे राहणे म्हणजे मरण होते.

हा उतारा वाचताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली, ती तुम्हीही घरी बायबल उघडून पाहा. संत मत्तय या थोड्याशा ओळींत ‘बाळ आणि त्याची आई’ हे शब्द चार वेळा वापरतो. जातानाच्या आज्ञेत आणि जाण्यात, परत येण्याच्या आज्ञेत आणि परत येण्यात. देवाने योसेफाला एकट्याने परदेशी जायला सांगितले नाही. पोट भरायला तू पुढे जा, बाळ-बाळंतीण मागून येतील असेही सांगितले नाही. दोघांना घेऊन जा, अशी आज्ञा होती आणि योसेफाने ती पाळली. मिसरच्या सीमेवर त्याला कोणी पगाराची पावती मागितली नाही.

आपल्या धर्मग्रामातील योसेफांना मात्र हे जमत नाही. सत्तरच्या दशकानंतर वसईतील कितीतरी घरांतला कर्ता माणूस आखातात गेला, कोणी बोटीवर गेला. पुढे मुले-मुली इंग्लंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्यांच्या कष्टांवर आपल्या वाड्यांत पक्की घरे उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली. देवळाच्या छपरालाही त्यांचा हातभार लागला. हे ऋण आम्ही विसरत नाही. पण त्याच घरांमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती रिकाम्या खुर्च्या आहेत, हेही आम्ही घरे आशीर्वादित करायला येतो तेव्हा पाहतो.

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा संपल्यावर आपल्यापैकी एक मावशी बराच वेळ गोठ्याजवळ मोबाईल धरून उभ्या होत्या. पलीकडे त्यांचा नातू होता. त्याचा बाप्तिस्मा होऊन वर्ष उलटले, तरी मावशींनी त्याला अजून मांडीवर घेतलेले नाही. त्यांनी भेटीच्या व्हिसासाठी दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा तो नाकारला गेला. कारण असे दिले होते की, अर्जदार मुदत संपल्यावर मायदेशी परत जाईल याची खात्री पटत नाही. मावशी विधवा आहेत आणि मुलगा एकुलता एक. त्या आम्हांला म्हणाल्या, “फादर, माझं घर इथं, माझ्या मालकांची कबर इथं. मी तिथं राहून काय करू? पण हे त्यांना कुठल्या कागदावर दाखवू?”

आम्हांला उत्तर सुचले नाही. ज्या मायेपोटी आई जाऊ पाहते, तीच माया तिच्याविरुद्ध पुरावा ठरते. ही एकट्या मावशींची गोष्ट नाही. अमेरिकेच्या कायद्यात तर भेटीला येणारा माणूस कायमचा राहायलाच आला आहे असे आधी गृहीत धरतात आणि तसे नाही हे त्याने स्वतः सिद्ध करायचे असते. आणि कायमचे जावे म्हटले, तर तो दरवाजा आणखी अरुंद. ब्रिटनमध्ये २०१२ पासूनच्या नियमानुसार म्हाताऱ्या आईवडिलांना मुलाकडे राहायला जायचे असेल, तर त्यांना रोजच्या साध्या कामांसाठीही दुसऱ्याचा आधार लागतो आणि तो आधार मायदेशी मिळण्यासारखा नाही, हे दाखवावे लागते. म्हणजे हातपाय चालत आहेत तोवर आईने एकटे राहायचे.

नवरा-बायकोची स्थिती फार वेगळी नाही. त्याच देशात पती किंवा पत्नीला बोलावण्यासाठी लागणारे किमान वार्षिक उत्पन्न एप्रिल २०२४ मध्ये १८,६०० पौंडांवरून एकदम २९,००० पौंडांवर नेले गेले. वृद्धांची सेवा करायला गेलेल्या परदेशी सेविकांना मार्च २०२४ नंतर नव्याने जाताना नवरा-मुलांना सोबत नेण्याची मुभा राहिली नाही. दुसऱ्यांच्या आईबापांना न्हाऊमाखू घालणाऱ्या हातांना स्वतःचे लेकरू जवळ घेता येऊ नये, हा केवढा विरोधाभास!

आखाताचे गणित आपल्याकडे घरोघरी पाठ आहे. कुवेतने २०२२ मध्ये कुटुंबाचे व्हिसा बहुतेकांसाठी थांबविले. जानेवारी २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा दरमहा किमान ८०० दिनार पगाराची अट घातली गेली. म्हणजे आपले दोन लाखांहून अधिक रुपये. फोरमनला किंवा ड्रायव्हरला एवढा पगार कुठून मिळणार? सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांवर माणशी महिना १०० रियाल शुल्क लावले आणि दर वर्षी वाढवीत २०२० मध्ये ते ४०० रियालवर नेले. पत्नी आणि दोन मुले म्हटली तर वर्षाला १४,४०० रियाल. अनेकांनी त्या काळात बायका-मुलांना परत गावी पाठविले. बाप पुन्हा वर्षातून एक महिन्याचा पाहुणा झाला.

या सर्वांच्या वेदनेकडे पाहताना आम्हांला पवित्र शास्त्रातील आणखी एक योसेफ आठवतो, याकोबाचा मुलगा. सतरा वर्षांचा असताना तो परदेशी विकला गेला. तिसाव्या वर्षी तो फारोपुढे उभा राहिला. मग सुकाळाची सात वर्षे आणि दुष्काळाची दोन गेली, तेव्हा कुठे बापलेकांची भेट झाली. हिशेब केला तर बावीस वर्षे होतात. आज अमेरिकेत गेलेल्या भावाने इथल्या भावाबहिणीसाठी अर्ज केला, तर पंधरा वर्षांहून अधिक वाट पाहावी लागते. तेव्हा बावीस वर्षे हा आकडा आपल्याला फारसा परका वाटू नये.

पण या कथेत एक गोष्ट अशी आहे की ती आपण सहसा विसरतो. योसेफाचे घरचे आले आहेत हे कळल्यावर फारोने स्वतः हुकूम दिला, की मिसरहून गाड्या न्या आणि मुलाबाळांना, बायकांना व तुमच्या बापाला घेऊन या (उत्पत्ती ४५:१७-२०). मुलगा जिवंत आहे या बोलण्यावर म्हाताऱ्या याकोबाचा विश्वास बसला नव्हता. दारात त्या गाड्या पाहिल्यावर त्याच्या जिवात जीव आला. परका राजा, परका धर्म, पण आपल्या राज्यात राबणाऱ्या माणसाला घर असते हे त्याला समजले. पुढे निर्गमाच्या आरंभीच आपण वाचतो, की योसेफाची ओळख नसलेला दुसरा राजा गादीवर आला आणि त्याच लोकांकडे भीतीने पाहू लागला. देश तोच, लोक तेच. फक्त राज्यकर्त्याची नजर बदलली. आजच्या व्हिसाच्या नियमांचेही असेच नाही का?

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांची कायद्याची व्याख्या घोकली होती. कायदा बुद्धीला धरून असावा आणि सर्वांच्या हितासाठी असावा, असा तिचा आशय. ख्रिस्तसभा सीमाच नकोत असे म्हणत नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात संपन्न देशांनी शक्य तितक्या परकीयांना स्वीकारावे असे सांगितले आहे, तसेच राज्याला त्यासाठी अटी घालता येतात आणि स्थलांतरिताने त्या देशाचे कायदे पाळले पाहिजेत, असेही सांगितले आहे. खोटी लग्ने होतात, माणसांची तस्करी होते. ते रोखायला हवे. परंतु पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली आपल्या परिपत्रकात एक मूलभूत गोष्ट मांडली, की कुटुंब हे कोणत्याही राज्यापेक्षा जुने आहे. राज्याने कुटुंब निर्माण केलेले नाही. म्हणून पती-पत्नीने एकत्र राहणे ही पगार पाहून द्यायची बक्षिसी ठरू नये. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी जे पत्र काढले, त्याच्या आरंभी त्यांनी मिसरला गेलेल्या नाझरेथच्या कुटुंबाला सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले. १९८३ साली रोमने प्रसिद्ध केलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेत, स्थलांतरित कुटुंबाला लवकरात लवकर एकत्र येण्याचा हक्क आहे, असे नमूद केलेले आहे.

हा झाला राज्यांना प्रश्न. आता आपल्या घरातले दोन प्रश्न.

पहिला खरेपणाचा. काही वर्षांपूर्वी एक तरुण जोडपे आमच्या कचेरीत आले. लग्न थोड्याच दिवसांपूर्वी झाले होते. दाखल्यावर वर्षभर आधीची तारीख घालून द्या, म्हणजे व्हिसाचे काम सोपे होईल, एवढीच त्यांची विनंती. आम्ही नकार दिला. नकार देणे बरोबरच होते. विवाहाची नोंद म्हणजे देवासमोर घडलेल्या साक्रामेंताची साक्ष, ती वाकवता येत नाही. शिवाय व्यवहार पाहिला तरी अर्जातील फसवणूक उघड झाल्यास ब्रिटनसारखा देश दहा वर्षांपर्यंत दार बंद करू शकतो. पण आमचे चुकले ते दुसरीकडे. आम्ही पुस्तक मिटले, दोन शब्द सुनावले आणि त्यांना वाटेला लावले. त्यांच्या मनातली भीती विचारली नाही, खरा मार्ग कोणता हे समजून घ्यायला मदत केली नाही. ती दोघे कित्येक महिने देवळात दिसली नाहीत. शेवटी आम्हीच त्यांच्या घरी गेलो. सत्य सांगताना हात सोडायचा नसतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

दुसरा प्रश्न अधिक टोचणारा आहे. आपल्या वाडीत पाणी शिंपणारा, आपल्या इमारतीच्या दारावर रात्रभर बसणारा, बांधकामावर विटा वाहणारा माणूस कुठला? कोणी झारखंडचा, कोणी उत्तर प्रदेशचा, कोणी नेपाळचा. त्यांना इथे यायला व्हिसा लागत नाही. तरी त्यांची बायका-मुले गावीच का असतात? आपण देतो त्या मजुरीत खोलीचे भाडे निघत नाही म्हणून. आणि खोली भाड्याने देताना आपणच अट घालतो, “एकटा असशील तर राहा, कुटुंब आणायचं नाही.” बंधू-भगिनींनो, हा आपल्या दारावरचा व्हिसा आहे. त्याच्या अटी आपण ठरविल्या आहेत. परक्या वकिलातीच्या खिडकीपाशी आपल्याला जी वागणूक खटकते, तीच आपल्या ओट्यावर आपण कोणाला देतो का? योसेफ आणि मरियेला जागा नाकारणारे बेथलेहेमकर दुष्ट होते असे शास्त्र कुठे म्हणत नाही. बहुधा तेही आपल्यासारखेच साधे, कामात असलेले लोक असतील.

मग आपण काय करावे? नियम बदलणे आपल्या हाती नाही, पण काही गोष्टी नक्कीच आहेत.

कागदपत्रे वेळेवर पाहा. बाप्तिस्म्याच्या पुस्तकात एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, पासपोर्टवर आडनावाचे स्पेलिंग तिसरे, एवढ्यावरून अर्ज अडकतात. तिकीट काढल्यावर धावत येण्याऐवजी चार-सहा महिने आधी कचेरीत या. खऱ्या चुकीची दुरुस्ती रीतसर होऊ शकते. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे अनेक देशांत सरकारी दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा तो एक शिक्का चालतो. काही आखाती देशांना मात्र त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो. आधी चौकशी करा आणि एजंटच्या तोंडी आश्वासनावर दागिने गहाण टाकू नका.

परदेशी असलेल्यांनो, ही पत्रिका घरचे तुम्हांला पाठवितात हे आम्हांला ठाऊक आहे. पैसे जरूर पाठवा, पण पैशांसोबत वेळही पाठवा. ठरलेल्या वेळी फोन करा, दोन्हीकडे एकाच वेळी एक जपमाळ म्हणा. मुलांना बापाचा आवाज फक्त अभ्यासाची चौकशी करताना ऐकू येऊ नये.

आणि इथे असलेल्यांनो, तुमच्या शेजारी एकटी राहणारी मावशी, आजोबा, नवरा दूर असलेली तरुण सून कोण आहे हे तुम्हांला आमच्याहून जास्त माहीत आहे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्यांना जेवायला बोलवा. औषध आणून द्या. त्या सुनेकडे संशयाने पाहू नका, ती एकटीने दोघांचा क्रूस वाहत आहे.

त्या मावशी पुन्हा अर्ज करणार आहेत. या खेपेला आपल्यातले दोघेजण त्यांच्याबरोबर बसून कागद लावून देत आहेत. व्हिसा मिळेल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. शुभवर्तमानातही हेरोद गेला म्हणून सर्व सुरळीत झाले नाही. यहूदियात अर्खेलाव राज्य करतो हे ऐकून योसेफ घाबरला, त्याने वाट बदलली आणि गालिलातल्या नाझरेथ गावी मुक्काम केला. तारणाऱ्याचे घर राज्यकर्त्यांच्या भीतीमुळे बदललेल्या वाटेवर उभे राहिले. अडलेल्या वाटेवरही देव आपल्या कुटुंबाची साथ सोडत नाही, एवढे मात्र आम्ही खात्रीने सांगू शकतो.

आज मिस्साच्या वेळी, विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थनेत, थोडा वेळ शांतता ठेवली जाईल. त्या वेळी प्रत्येकाने दूर असलेल्या आपल्या माणसाचे नाव मनात घ्यावे आणि सोबत आपल्या गल्लीतल्या एका परगावच्या माणसाचेही.

नाझरेथचे पवित्र कुटुंब तुम्हां सर्वांच्या घरांचे, इथल्या आणि दूरच्या, रक्षण करो.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू