देणं बाकी नाही

सुगी सरली की आमच्या गावात हेळवी यायचा. बैलावर बसून, घंटा वाजवत. दारात उभा राहून आमच्या घराण्याची वंशावळ घडाघडा म्हणायचा. मूळ पुरुष कुठून आला, कुणाला किती लेक, कोण कुठल्या गावाला गेलं, सगळं. आजोबा मान डोलवायचे, आजी सुपानं जोंधळं घालायची. आमच्या घराण्यात एखादा माणूस वाईट निघाला असं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पोटासाठी दारात आलेला माणूस दुसरं काय सांगणार?

हा हेळवी मला आठवला तो पार अमेरिकेत, आयोवा राज्यात. माझी लेक तिथं दिलीय. जावयाचं घराणं मका-सोयाबीन पिकवणारं, मुळातलं क्वेकर पंथाचं. विहीणबाई सत्तरीच्या. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि त्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून पूर्वज शोधत बसलेल्या. इंग्रजी माझं बेताचंच, पण जुने कागद चाळायची सवय. मीही शेजारी बसलो.

क्वेकर लोक युद्धाला जात नाहीत, शपथ घेत नाहीत. गप्प बसून प्रार्थना करायची, ही त्यांची जुनी रीत. महिन्यांची नावं जुन्या देवांवरून पडलेली म्हणून तीही टाकली. वहीत लिहायचं ‘पहिला महिना’, ‘दुसरा महिना’. वह्या मात्र चोख. दर महिन्याच्या सभेत जन्म, लग्न, मरण तर लिहायचेच, पण कोण दारू प्याला, कुणी पंथाबाहेर लग्न केलं, तेही लिहायचे. मी म्हटलं, हा हेळवी आमच्यापेक्षा खरा!

घर उठून दुसरीकडे जायचं तर सभेचा दाखला लागे. हा माणूस आमच्यातला आहे, लग्नाचा शब्द कुठं अडकलेला नाही, व्यवहार मिटलेत, कुणाचं देणं बाकी नाही, असा त्याचा अर्थ. विहीणबाईंच्या घराण्याचे दोन दाखले सापडले. पहिला नॉर्थ कॅरोलिनातून इंडियानाला, दुसरा पुढच्या पिढीचा, इंडियानातून आयोवाला.

कॅरोलिना सोडलं त्याचं मोठं कारण गुलामगिरी. माणूस विकत घेणं पाप, असं हे लोक मानत. पण तिथला कायदा असा, की गुलामाला मोकळं केलं तरी त्याला धरून पुन्हा विकता यायचं. ओहायो नदीच्या वायव्येला मात्र 1787 च्या कायद्यानं गुलामगिरीला बंदी होती. म्हणून हजारो क्वेकर शेतं विकून, गाड्या जुंपून, डोंगर ओलांडून तिकडं गेले. तिकडची सरकारी जमीन पुढं एकरी सव्वा डॉलरला मिळू लागली. इंडियानात आणि आयोवात त्यांच्यातल्या कितीकांनी पळून आलेल्या गुलामांना जीव धोक्यात घालून घरात लपवलं. विहीणबाई हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज भरून आला. भरावाच. ते चांगुलपण खोटं नव्हतं.

नातू दहा वर्षांचा, शेजारी बसून ऐकत होता. त्यानं विचारलं, “मग त्यांच्या आधी ही जमीन कुणाची होती?”

विहीणबाई शिक्षिका होत्या. लपवलं नाही. इंडियानाच्या त्या भागात मायामी, शॉनी, डेलावेअर लोक होते. 1795 आणि 1809 च्या तहांत जमीन गेली. आयोवात सॉक आणि मेस्क्वाकी होते. 1832 च्या युद्धानंतर एकेक पट्टा सुटत गेला, 1842 च्या तहानं उरलेलाही गेला, आणि त्यांना मिसिसिपीपासून दूर पश्चिमेला हाकललं. मेस्क्वाकींतले काही परत आले. 1857 साली टामा परगण्यात त्यांनी 80 एकर जमीन रोख पैसे देऊन विकत घेतली. आपल्याच मुलखातली.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग विहीणबाईंनी दुसऱ्या दाखल्यावर बोट ठेवलं. देणं बाकी नाही.

मला वाटतं, लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं नव्हतं. त्याच्या वहीत मेस्क्वाकींचं खातंच नव्हतं. दारू चूक, माणूस विकणं चूक. रिकामी झालेली जमीन नांगरणं ही चूकच वाटली नाही, मग लिहिणार कुठं? प्रत्येक काळाच्या वहीला असा एक रकाना कमी असतो.

मी मान हलवत होतो, पण घशाला कोरड पडली होती. कारण आमच्या ट्रंकेतही एक कागद आहे. 1957 च्या 1 एप्रिलला, कृषक दिनी, कसणारं कूळ जमिनीचं मालक धरलं जाणार होतं. त्याआधीच आजोबांनी ओढ्याकाठच्या रानातल्या कुळाचा राजीनामा घेऊन ठेवला. ‘राजीखुशीने ताबा सोडतो’, आणि खाली अंगठा. त्याच रानातल्या उसावर मी शिकलो, लेक शिकली, विमानात बसली. घरात मात्र एवढंच सांगायचे, “आजोबांनी जमीन राखली.”

गावी आल्यावर तो कागद घेऊन मी त्या कुळाच्या नातवाकडं गेलो. माझ्याच वयाचा. त्यानं वाचला, घडी घालून परत दिला. म्हणाला, “दादा, आमच्या घरात हे पोराटोरास्नी ठावं हाय. तुमास्नीच आत्ता कळलं व्हय?”

आत्ता कळलं नव्हतं. कॉलेजात असतानाच तो कागद मी वाचला होता. हे त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

रान आता आम्हा चौघा भावांत आहे. माझ्या वाटणीचं काय करायचं ते मी ठरवलंय; भावांशी बोलणं व्हायचंय, आणि ते सोपं जाणार नाही. नातवाला वंशावळ हवी होती, ती लिहून पाठवली. आजोबांच्या नावापुढं ‘जमीन राखली’ असं न लिहिता, कुणाकडून घेतली ते लिहिलं. आणि पुढच्या ओळीत, हे मला ठाऊक होतं, हेही.