जन्मापूर्वीचे ताट

एखाद्याला मधुमेह जडला, की चारचौघे म्हणतात, ‘जिभेवर ताबा नाही, म्हणून भोगतोय!’ रोगाला असे पाप ठरविणे सोपे असते. पण मी शाळामास्तर असलो तरी कादंबऱ्याही लिहितो. पात्राचा दोष दिसला, की पहिल्या प्रकरणाच्याही मागे जाऊन त्याचे मूळ शोधण्याची मला खोड आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत असाच शोध आरंभिला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची भरली. इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. मात्र आपल्या हडकुळ्या बाळाच्या अंगात मांस कमी असूनही चरबी त्या मानाने टिकून होती! पुढे सहाव्या वर्षी तपासले, तेव्हा ज्यांच्या आयांच्या रक्तात गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांचे शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. मधुमेहाची वाट इथूनच जाते.

हे घडते कसे? जनुके तीच राहतात. पण त्यांवर मेथिलच्या बारीक खुणा उमटतात, आणि कोणत्या जनुकाने किती काम करावे हे ठरविण्यात त्यांचा हात असतो. ह्या खुणांसाठी ब-१२ आणि फोलेट, दोन्ही लागतात. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात आईच्या पोटात असलेल्या हॉलंडच्या मुलांत अशा खुणांचा फरक साठ वर्षांनंतरही आढळला. अर्थात हे विधिलिखित नव्हे. बेताचे खाणे आणि अंगमेहनत ह्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

मग दोष आईचा म्हणावा काय? छे! ब-१२ मिळते ते दूध, अंडी, मासे, मटण ह्यांतून. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे पहाटेच दुधाच्या किटल्या डेअरीची वाट धरतात. उरलेले चहाला, मग मुलांना. धार काढणारी सून कित्येक घरांत सर्वांच्या मागून जेवते. तिच्या वाटीत काय उरते, हे कोण पाहतो?

मागच्यांना दोष देऊन हाती काही लागत नाही. पुढच्यांचे देणे मात्र आपल्याकडेच आहे. आज माझ्या वर्गात बसणाऱ्या मुली उद्याच्या आया आहेत. यंदाच्या दिवाळीत पहिली पंगत लेकीसुनांची बसू द्या, आणि पाडव्यानंतरही ती मोडू नका.