मुक्कामाची सहल आणि तीन ओझी

दिवाळीची सुट्टी सरून थंडी पडू लागली म्हणजे शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. एका दिवसाची सहल असली तर फारसा विचार करावा लागत नाही. सकाळी निघावे, चार गोष्टी पाहाव्या, डबा खावा आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे. परंतु आपले सामान आपल्या पाठीवर घेऊन डोंगराच्या वाटेने चालत जाणे आणि एक रात्र घराबाहेर काढणे, ही गोष्ट अगदी निराळी आहे. दिवसा विसरलेली वस्तू शेजाऱ्याकडून मागून घेता येते. रात्री थंडी वाजू लागली की विसरलेले पांघरूण आठवते, आणि तेव्हा आई जवळ नसते.

अशा सहलीसाठी मुलांची तयारी करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे? पुष्कळांस वाटते की वस्तूंची एक यादी करून पालकांच्या हाती दिली म्हणजे तयारी झाली. आमच्या मते हा प्रश्न वस्तूंचा कमी आणि कर्तव्याचा अधिक आहे. कोणते ओझे मुलावर कधीही टाकू नये, कोणते त्याच्याकडून कधीही काढून घेऊ नये, आणि कोणते सर्वांनी वाटून घ्यावे, हे ओळखणे म्हणजेच तयारी होय.

उदाहरणासाठी आपण कळव्याच्या मुलांचा विचार करू. एका बाजूस ठाण्याची खाडी व दुसऱ्या बाजूस पारसिकचा डोंगर, अशा चिंचोळ्या पट्टीत हे गाव वसले आहे. जेथे एके काळी आगरी व कोळी लोकांची शेते आणि मासेमारी होती, तेथे आता इमारती व चाळी दाटल्या असून घरे डोंगराच्या उतारावर चढली आहेत. १९ जुलै २०२१ रोजी कळवा पूर्वेस घोलाईनगर येथे दरड कोसळून एकाच कुटुंबातील पाच माणसे दगावली. तेव्हा या मुलांस डोंगर अपरिचित नाही; परंतु पुष्कळांना तो भिंतीसारखा किंवा पावसाळ्यातील भयासारखाच ठाऊक आहे. पायांखाली वाट आणि डोक्यावर तारे, अशा रूपात तो त्यांस क्वचितच भेटतो. त्यांस कल्याणावरून कसाऱ्याच्या गाडीने आसनगावी न्यावे, माहुली किल्ल्याच्या पायथ्याच्या गावी मुक्काम करावा आणि पहाटे किल्ल्याची वाट धरावी, असा एखाद्या शिक्षकाने बेत केला तर तो उत्तमच म्हटला पाहिजे. १६३६ साली शहाजीराजांनी ज्या गडावर मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यास तोंड दिले, तो सुमारे २,८०० फूट उंचीचा गड पाठ्यपुस्तकातील चार ओळींपेक्षा कितीतरी अधिक शिकवील.

आता पहिले ओझे पाहू. हे वडीलधाऱ्यांचे ओझे होय. वाट आधी स्वतः चालून पाहणे, पाणी कोठे मिळते व कोणत्या महिन्यात आटते याची गावकऱ्यांकडे चौकशी करणे, तानसा अभयारण्याच्या हद्दीत जावयाचे असल्याने वनखात्याची परवानगी काढणे, जवळचे रुग्णालय कोणते व तेथवर वाहन कसे पोहोचेल हे ठरवून ठेवणे, वर चढताना लागणारी लोखंडी शिडी आपल्या वर्गातील सर्वांत भित्र्या मुलास झेपेल काय याचा विचार करणे, हे सारे शिक्षकाचे काम आहे. आणि सर्वांहून जड काम म्हणजे परत फिरण्याचा निर्णय. शिखर शंभर पावलांवर असता ऊन चढले आहे, पाणी संपत आले आहे म्हणून मागे फिरावयास मोठे धैर्य लागते. हे धैर्य मुलांकडून मागू नये. ती तर पुढेच जाऊ म्हणणार.

येथे आम्हांस एका रूढीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. सहलीपूर्वी पालकांकडून एक हमीपत्र लिहून घेतात, आणि त्यात बहुधा असे असते की आमच्या पाल्यास काही इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. पालकांची संमती घेणे योग्यच आहे. परंतु संमती ती, जी सर्व सत्य कळल्यावर दिली जाते. वाट किती लांब, चढ किती कठीण, बरोबर मोठी माणसे किती, झोपण्याची सोय कशी, हे न सांगता घेतलेली सही म्हणजे केवळ शाई होय. आणि सर्व सांगून घेतलेली सही असली तरी तिने शिक्षकाचे ओझे तिळभरही हलके होत नाही. ज्याने दुसऱ्याचे मूल हाती धरून नेले, त्याला ते मूल परत आणून देईपर्यंत कोणताही कागद मोकळा करू शकत नाही.

हे आम्ही उगाच भय घालण्यासाठी लिहीत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रकिनारी सहलीस आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. १९७१ च्या नोव्हेंबरात स्कॉटलंडमधील केअर्नगॉर्म पर्वतावर एडिंबरोच्या एका शाळेची मुले मुक्कामाच्या पदयात्रेस गेली होती. त्यांच्या दोन तुकड्या करण्यात आल्या. अधिक अनुभवी तुकडी निवाऱ्याच्या झोपडीपर्यंत पोहोचली; कमी अनुभवी मुलांची तुकडी हिमवादळात उघड्यावर अडकली, आणि पाच विद्यार्थी व एक तरुण साहाय्यक मार्गदर्शिका मृत्यू पावली. त्यानंतर ब्रिटनमध्ये मुलांस पर्वतावर नेणाऱ्यांच्या शिक्षणाकडे अधिक कसोशीने लक्ष देण्यात येऊ लागले. आमच्या सह्याद्रीत बर्फ नाही. पण ऊन आहे, कडे आहेत, मधमाश्यांची पोळी आहेत, आणि अंधार सर्वत्र सारखाच आहे.

दुसरे ओझे मुलाचे स्वतःचे. ते त्याच्या पाठीवर असते व त्याचे माप काढता येते. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणाने रोजच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे असे सांगितले आहे. तोच मापदंड येथे धरू. मूल पस्तीस किलोचे असेल तर ओझे साडेतीन किलोचे. दोन लिटर पाण्याचेच दोन किलो झाले. उरलेल्या दीड किलोत चादर, एक जाडसर कपडा, विजेरी, शिट्टी, डबा व रिकामी पिशवी बसली पाहिजे. हा हिशेब मुलाकडूनच करवावा. तो केला म्हणजे दुसरा सदरा, खाऊचे पाच पुडे व उशी आपोआप घरी राहतात, आणि गरज व हौस यांतील भेद त्यास कोणीही उपदेश न करता कळतो. इतके करूनही भार अधिक होत असेल तर सामान पायथ्याच्या गावी ठेवून केवळ पाणी व थोडे खाणे घेऊन वर चढावे.

पिशवी मुलाने स्वतः भरावी. आईने रात्री जागून सुरेख घडी घालून भरलेली पिशवी मुलास परक्या माणसाच्या पेटीसारखी असते. अंधारात विजेरी कोठे आहे हे त्यास सांगता येत नाही. ज्याने स्वतः भरली, त्याचा हात डोळे मिटूनही नेमका तेथेच जातो. यास्तव महिनाभर आधीपासून दर रविवारी मुलांस भरलेली पिशवी घेऊन चालवावे. पारसिकची जी वाट सुरक्षित असेल तिच्यावरून थोडे चढवावे. बूट चावतात की नाही हे या चालण्यात कळावे, माहुलीच्या चढावर नव्हे. एखाद्या रात्री घरीच गच्चीवर किंवा जमिनीवर चादर टाकून निजवावे. अंधाराचे भय, घरची आठवण, दम्याचा विकार, झोपेत अंथरूण ओले होणे, अशा गोष्टी मुले लाजेने लपवितात. पालकांनी त्या शिक्षकांस एकांतात सांगाव्या, व शिक्षकांनी त्या स्वतःपाशीच ठेवाव्या.

तिसरे ओझे सर्वांचे. डोंगरावर वेगाचा नियम सर्वांत मंद मुलाने घालून द्यावयाचा असतो. त्यास रांगेच्या पुढे ठेवावे. मागे ठेवले तर तो धापा टाकीत पोहोचतो तोच विसावा घेतलेली मुले उठून चालू लागतात, म्हणजे ज्यास विश्रांती सर्वांत अधिक हवी त्यासच ती मिळत नाही. हा अन्याय कोणी हेतुपुरस्सर करीत नाही. तो न योजल्यामुळे घडतो. पुष्कळ अन्याय असेच घडतात. सशक्त मुलाने थकलेल्याची पाण्याची बाटली थोडा वेळ घ्यावी, परंतु त्याची पूर्ण पिशवी घेऊ नये; मदत अशी असावी की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये.

यादी करतानाही हेच पाहावे. चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या मुलाकडे महागडी सॅक व निजण्याची खास थैली कोठून येणार? तो घरी मागणी करीत नाही. सहलीच्या दिवशी ताप आला असे सांगतो. म्हणून यादीत जे प्रत्येक घरी असते तेच असावे: जुनी चादर, आईची शाल, शाळेचे दप्तर, भाकरी व चटणी, गूळ व शेंगदाणे. विजेऱ्या शाळेने पुरवाव्या व शिधा सर्वांचा एकत्र असावा. आणि ज्या गावी आपण निजतो तेथील लोकांसही या हिशेबात धरावे. त्यांच्या विहिरीचे पाणी जपून वापरावे, त्यांनी रांधलेल्या जेवणाचे योग्य मोल द्यावे व आपला कचरा आपल्याबरोबर परत आणावा.

कोणी म्हणेल, इतका धोका व इतका खटाटोप कशासाठी? मुले घरीच सुखरूप नाहीत काय? यास आमचे उत्तर असे की ज्या मुलाने कधीही स्वतःचे ओझे वाहिले नाही त्याचे मोठेपण केवळ वयाचे असते. धोका अगदी नाहीसा करावयाचा तर मुलास कोंडूनच ठेवावे लागेल. वडीलधाऱ्यांनी आपले ओझे नीट उचलले तर जो धोका उरतो तो मुलाच्या शक्तीएवढाच असतो, आणि त्या मापानेच त्याची शक्ती वाढते. उलट वडीलधारी जर आपलेच ओझे टाळणार असतील तर ती सहल न काढणेच बरे.

आमच्या वाचकांत आईबाप आहेत, शिक्षकही आहेत. शिक्षकांस आमचे सांगणे एवढेच की ज्या वाटेवरून तुम्ही आपले स्वतःचे मूल न्याल तिच्यावरूनच दुसऱ्याचे न्यावे. आईबापांस सांगणे असे की निघण्याच्या आदल्या रात्री मुलाजवळ बसावे, पण पिशवीस हात लावू नये. त्यास तीन गोष्टी विचाराव्या: तुझे पाणी कोठे आहे, तुझी विजेरी कोठे आहे, आणि तुझ्याबरोबर चालणाऱ्या मुलाचे नाव काय. पहिल्या दोहोंची उत्तरे बहुतेक मुले देतील. तिसऱ्याचेही उत्तर आले, तर ते मूल निघावयास तयार झाले असे खुशाल समजावे.