मोठा रथ कोणाचा?

खानदेशात रथाचा दिवस गावागणिक वेगळा असतो. पारोळ्यात बालाजी महाराजांचा उत्सव आश्विनात, नवरात्राच्या सुमारास येतो. जळगावात श्रीराम मंदिर संस्थानचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो, पिंप्राळ्याचा आषाढीला, तर अमळनेरात सखाराम महाराजांचा वैशाख शुद्ध एकादशीला. तिथी वेगवेगळ्या असल्याने एकाच माणसाला वर्षभरात तीन-चार रथ पाहता येतात, आणि पाहिले की तुलना आलीच. उंच कोणाचा, जुना कोणाचा, गर्दी कुठे जास्त, अवघड वळणावर कोणाचा रथ न अडता निघतो, यावर ओट्यावर बसून तास न् तास बोलता येते. जळगावकर रथोत्सव सुरू झाल्याचे १८७२ साल आणि तो सुरू करणाऱ्या अप्पा महाराजांचे नाव पुढे करतो. पारोळेकराला त्या सालाशी देणेघेणे नसते, कारण त्याच्या लेखी रथ म्हणजे बालाजीचा रथ आणि बाकीचे त्याच्यासारखे. ‘आमना रथ’ म्हणताना अहिराणी बोलणारा माणूस मालकी सांगत असतो की श्रेष्ठत्व, हे त्यालाही नेमके सांगता येणार नाही. एका उत्सवाची दुसऱ्याशी तुलना करताना नक्की कशाचा निवाडा होत असतो, हा तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न इथे दडलेला आहे.

हाच वाद जगाच्या दुसऱ्या टोकाला मोटारींवरून चालतो, आणि तिथे तो अधिक स्वच्छ दिसतो. दीर्घ पल्ल्याच्या, म्हणजे एन्ड्युरन्स मोटारशर्यतींच्या दोन मोठ्या मालिका आहेत. एक जागतिक अजिंक्यपदाची, २०१२ पासून सध्याच्या रूपात चालणारी. तिचा मुकुटमणी फ्रान्समधली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत, जी १९२३ पासून होत आली आहे. दुसरी अमेरिकेतली इम्सा संस्थेची मालिका. तिच्यात डेटोनाची चोवीस तासांची आणि सेब्रिंगची बारा तासांची शर्यत येते. ले मान्सचे भक्त म्हणतात, खरी कसोटी आमच्याकडे: साडेतेरा किलोमीटरांहून लांब फेरी, तिचा बराच भाग एरवी वाहतुकीचा असलेला रस्ता, रात्रीचा अंधार. डेटोनावाले म्हणतात, शर्यत आमच्याकडे: शेवटच्या तासातही चार-पाच गाड्या एकमेकींच्या शेपटीला असतात आणि निकाल अखेरपर्यंत लागत नाही. या शेवटच्या तासातल्या चुरशीला कारण आहे. अपघात झाला की अमेरिकेत पिवळा झेंडा दाखवून संपूर्ण ट्रॅकवर गाड्या एका पेस कारच्या मागे गोळा करतात. त्यात आघाडीवरच्याने रात्रभर मिळवलेले अंतर पुसले जाते. ले मान्सला शक्यतो अपघाताचा तेवढा भाग संथ ठेवतात, बाकी शर्यत चालू राहते. एका बाजूला अंतर असे पुसले जाणे हा अन्याय वाटतो, दुसऱ्या बाजूला तोच रंग.

या वादावर २०२३ पासून एक प्रयोगच झाला, कोणी मुद्दाम केलेला नसला तरी. दोन्ही मालिकांच्या नियमकर्त्यांनी सर्वोच्च वर्गाचे नियम जुळवून घेतले, आणि पोर्शे ९६३ किंवा कॅडिलॅकची तीच गाडी जानेवारीत डेटोनाला आणि जूनमध्ये ले मान्सला धावू लागली. वाद गाड्यांवरून असता तर तो इथे संपायला हवा होता. संपला नाही. गाडी तीच, कारखाना तोच, पुष्कळदा चालकही तेच, तरी कोणती मालिका श्रेष्ठ हा प्रश्न पहिल्याइतकाच ताजा राहिला. म्हणजे वादाचे मूळ गाडीत नव्हते.

ते मापात होते. भारतीय काव्यशास्त्राने तुलनेसाठी उपमेय आणि उपमान यांच्याबरोबर साधारण धर्म मागितला आहे: दोहोंत काहीतरी समान असल्याशिवाय उपमा उभी राहत नाही. रथ आणि रथ, शर्यत आणि शर्यत यांत समान धर्म असतो खरा, पण कोणता धर्म मोजायचा हे दोन्ही बाजू आधीच वेगवेगळे ठरवून बसलेल्या असतात. ले मान्सच्याच इतिहासात याचा नमुना आहे. १९६६ साली फोर्डच्या गाड्या पहिल्या तीन क्रमांकांवर होत्या. त्यांतल्या आघाडीच्या दोन गाड्या अंतिम रेषेवर जवळजवळ खांद्याला खांदा लावून आल्या. केन माइल्स आणि डेनी हल्म एका गाडीचे चालक, ब्रूस मॅकलरेन आणि ख्रिस एमन दुसरीचे. विजय मॅकलरेन-एमन यांना गेला, कारण सुरुवातीच्या रांगेत त्यांची गाडी काही मीटर मागे उभी होती. चोवीस तासांत तिने तेवढे अंतर जास्त कापले. माइल्स हरला तो वेगाने नव्हे, व्याख्येने. त्याच ले मान्सला अनेक वर्षे दुसरेही एक बक्षीस होते: इंजिनाच्या आकाराप्रमाणे ठरवून दिलेल्या अंतराच्या मानाने कोण किती पुढे गेले, याचे. ते पुष्कळदा छोट्या फ्रेंच गाड्यांना मिळे, एकूण क्रमवारीत त्या कितीही मागे असल्या तरी. एकाच मैदानावर, एकाच दिवशी दोन विजेते आणि दोन्ही खरे.

रथाकडे या नजरेने पाहिले तर तुलना आणखी कठीण होते. ले मान्सला वेळ ठरलेली असते, अंतर मोजतात. रथाचा मार्ग ठरलेला असतो, वेळ मोजत नाहीत. घरोघरच्या आरत्या घेत, चौकाचौकात थांबत रथ उशिरा पोहोचला तर कोणी त्याला हरला म्हणत नाही. उलट लवकर पोहोचला तर लोक चुकचुकतात. जळगावचा रथ भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या दर्ग्याजवळ थांबतो, तिथे फुलांची चादर चढवली जाते. हा थांबा रथाच्या चालीतला अडथळा नव्हे, तो रथाचाच भाग आहे. आणि रथाची खरी परीक्षा लांबून दिसतही नाही. दोर शेकडो हातांत असतो, पण रथ वळवतो मोगरीवाला. अवजड लाकडी रथाला सुकाणू नसते आणि ब्रेकही नसतो. मोगरी ही लाकडाची पाचर. चालत्या चाकाखाली ती नेमक्या क्षणी, नेमक्या बाजूने सारली की चाक तिच्यावर घासते आणि रथ हवा तसा कलतो. थांबवायचा असेल तर दोन्ही बाजूंना लावतात. चाकाशी वाकून, उलट पावली चालत हे काम करणाऱ्याचा हात क्षणभर उशिरा निघाला तर काय होईल, हे गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. उंचीची आणि गर्दीची तुलना करणारे या माणसाचा उल्लेख क्वचितच करतात.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८च्या आपल्या पुस्तकात खेळाची व्याख्या अशी केली की, गरज नसलेले अडथळे आपणहून पत्करून ते पार करणे म्हणजे खेळ. नियम खेळावर बाहेरून लादलेले नसतात, नियमांनीच खेळ घडतो. गल्लीतून भलामोठा रथ न्यायची व्यवहारात काही गरज नाही, आणि चोवीस तास एकाच वर्तुळात गाडी फिरवायचीही नाही. हे मान्य केले की ‘पिवळ्या झेंड्याने शर्यत बिघडते’ या वाक्यातली खोच दिसते. ते वाक्य ले मान्सचे नियम हेच शर्यतीचे नियम मानून डेटोनाला तपासते. परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच घरचे. धर्माच्या क्षेत्रात हा दोष फार जुना आहे, तिथे एका पंथाच्या साधनेवर दुसऱ्या पंथाची साधना घासून पाहिली जाते.

मराठी परंपरेत या दोषाची सर्वांत बोलकी कथा नरहरी सोनारांची आहे. पंढरपुरातच राहून विठ्ठलाचे तोंडही न पाहणारे हे कट्टर शिवभक्त. एका सावकाराने नवस फेडायला विठ्ठलासाठी सोन्याचा करदोडा घडवून मागितला. नरहरींनी देवळात यायला नकार देऊन मागवलेल्या मापावर तो घडवला. कंबरेला लावला तर कमी पडला, पुन्हा घडवला तर जास्त झाला. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यायला गेले. हाताला शंकराची खूण लागली, पट्टी काढली तर समोर विठ्ठल. पुन्हा पट्टी बांधली, पुन्हा शंकर. अखेर दोन्ही एकच हे त्यांना उमगले, अशी कथा. लांबून मागवलेले माप जमत नाही, हा तिचा भाग बिनतोड आहे. शेवटाबद्दल मात्र थोडे थांबून बघावे. हरि आणि हर एक, हा निर्णय लागला तो विठ्ठलाच्या गाभाऱ्यात, शंकराच्या देवळात नाही. एकत्वाचा निवाडाही एका पक्षाच्या अंगणातच झाला. ‘सगळे रथ एकाच देवाचे’ हे वाक्य कोण कुठे उभा राहून म्हणतो, यावर त्याचा अर्थ बदलतो. आणि मोटारींच्या चाहत्याला ‘शेवटी सगळ्या शर्यतीच’ असे सांगितले तर त्याला समजावणीपेक्षा अपमानच जास्त वाटेल, आणि त्यात त्याचे फारसे चुकत नाही.

दुसरा प्रसिद्ध उपाय जैनांच्या अनेकान्तवादाचा: वस्तूला अनेक अंगे, प्रत्येक विधान एका अपेक्षेने खरे. ले मान्स अंतराच्या अपेक्षेने थोर, डेटोना चुरशीच्या. हे बरोबर आहे, पण सैल हाताने वापरले की त्यातून वाद सुटत नाही, वाद करणारेच घरी पाठवले जातात. ज्याच्या मनात एका रथाविषयी निष्ठा आहे त्याला ‘तुझ्या बाजूने तू बरोबर’ हे उत्तर पुरत नाही. निष्ठा ही एक ‘बाजू’ आहे असे निष्ठावंताला वाटतच नसते.

यापुढचे पाऊल पारोळ्याच्या शेजारीच, अमळनेरात टाकले गेले. गिरणीमालक प्रताप शेठजींच्या देणगीतून १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. साने गुरुजी अमळनेरला आले ते या मंदिराच्या ओढीने, शिक्षक झाले ते नंतर. त्या काळात हिंदुस्थानातले उत्तमोत्तम अभ्यासक खानदेशातल्या या गिरणीच्या गावी येऊन राहत, ही गोष्ट खुद्द खानदेशानेही पुरेशी लक्षात ठेवलेली नाही. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३०च्या दशकात काही काळ इथे संचालक होते. परमतत्त्व आणि त्याची पर्यायी रूपे या विषयावरचा त्यांचा निबंध १९३४ साली इथूनच निघणाऱ्या इंग्रजी त्रैमासिकात आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्ञानाच्या वाटेने परमतत्त्व सत्य म्हणून भेटते, इच्छेच्या वाटेने स्वातंत्र्य म्हणून, भावनेच्या वाटेने मूल्य म्हणून. तिन्ही पूर्ण आहेत. तिन्हींना एका मोठ्या चौकटीत बसवता येत नाही, त्यांच्यात चढउतार लावता येत नाही, आणि ती एकच आहेत असेही म्हणता येत नाही. त्यांच्यात राहतो तो फक्त ‘किंवा’. हा ‘किंवा’ संशयाचा नाही. ज्याने एक वाट धरली त्याच्यासाठी ती संपूर्ण असते, तिच्यावर चालताना दुसरीची तुलना उद्भवत नाही.

भट्टाचार्यांचा विचार रथांसाठी आणि मोटारींसाठी लिहिलेला नव्हता, आणि परमतत्त्वाची भाषा शर्यतीला लावणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्याचा सांगाडा इथे उपयोगी पडतो. पारोळेकराला बालाजीचा रथ पूर्ण वाटतो म्हणून अमळनेरचा अपुरा ठरत नाही. त्याची निष्ठा आणि त्याने लावलेली क्रमवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चूक होते ती दुसरी पहिलीच्या नावावर खपवली जाते तेव्हा. इष्टदेवतेच्या कल्पनेत हा फरक आधीपासून आहे. देव्हाऱ्यातला आपला देव निवडणारा माणूस इतर देवांना गुण देत बसत नाही. चाहत्यांच्या वादात मात्र निष्ठेला पुरावा हवासा वाटतो, आणि मग साल, उंची, गर्दी, फेऱ्यांची संख्या यांची उधारी सुरू होते.

म्हणून सगळीच तुलना फोल ठरते असे नाही. काही मापे कोणत्याही एका उत्सवाच्या किंवा शर्यतीच्या पोटातून आलेली नसतात, ती सर्वांना सारखी लागू होतात. १९५५ साली ले मान्सला एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्यानंतर स्वित्झर्लंडने आपल्या हद्दीत सर्किटवरच्या शर्यतींवर बंदी घातली. तिथे कोणती शर्यत श्रेष्ठ हा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींचेही असेच झाले. पुणे जिल्ह्यातला घाट, सातारा-सांगलीकडचे मैदान आणि विदर्भातला शंकरपट यांच्या चाहत्यांत खरी शर्यत कोणती यावर कधी एकमत होणार नाही. कुठे बैल एकटे चढ चढतात आणि सेकंद मोजतात, कुठे गाडीवान असतो आणि गट, सेमी, फायनल अशी चढाओढ लागते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यतींविरुद्ध निकाल दिला, तेव्हा या मतभेदांचा तिथे प्रश्नच आला नाही. प्रश्न होता बैलाला होणाऱ्या वेदनेचा. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. तेव्हाही प्रश्न तोच होता, उत्तर तेवढे बदलले, कारण नव्या नियमांनी वेदना पुरेशी कमी होते असे पीठाने मानले. त्या उत्तराशी कोणी असहमत असू शकेल. पण तो वाद घाट की पट असा नाही, आणि त्यात घाटवाल्याला व पटवाल्याला एकाच पुराव्याने एकमेकांशी बोलता येते. मोगरी लावणाऱ्याचा हात सुरक्षित आहे का, रथमार्गावरच्या विजेच्या तारांची सोय झाली आहे का, हे प्रश्नही त्याच जातीचे. पारोळा, अमळनेर आणि जळगाव यांची तुलना त्यांवर खुशाल करता येते, आणि त्या तुलनेत जो मागे पडेल त्याने ते मान्य करायला हवे.