माथेरानची गाडी कोणाची?

नेरळहून माथेरानला चढणाऱ्या छोट्या गाडीत आपल्यापैकी कुणीतरी हमखास सांगतो, ‘ही आपल्या माणसानं बांधली.’ खरंच आहे ते. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा, मुलगा अब्दुल हुसेन यांची धडपड. १९०४ ते १९०७, सोळा लाख रुपये, दोन फुटी रूळ, सुमारे एकवीस किलोमीटरचा घाट. अभिमान वाटतो, वाटावाही. ऊठसूट परकं ठरवलं जात असताना अशी नावं आधाराला लागतात. पण कातळ फोडणाऱ्या मजुरांना ‘आपले’ म्हणताना जीभ का अडखळते? त्यांचा धर्म ठाऊक नाही म्हणून? मग आपलेपण घामानं ठरतं की नावानं? वळणावर गाडी रेंगाळते, तेव्हा तो कापलेला कातळ खिडकीच्या अगदी जवळून जातो.