जुना पूल, नवा पूल आणि झोपलेला प्रवासी

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली लोकल गाडी निघाली, ती वसईची खाडी ओलांडूनच. तेव्हापासून आपल्या कित्येक पिढ्या दूध, भाजी आणि फुले घेऊन या खाडीवरून ये-जा करीत आल्या. त्यामुळे कुठलाही जुना पूल पाडावा की दुरुस्त करावा, असा विषय निघाला की आपल्यात लगेच दोन तट पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, जुन्या कामाला तोड नाही, डागडुजी करा. तरुण म्हणतात, आठवणींवरून गाड्या चालत नाहीत, नवा बांधा. आम्हांला दोघांचेही पटते. मग निवाडा कशावर करायचा?

महामार्गावरील वर्सोवा पुलाचा अनुभव आपल्या सर्वांच्या गाठीशी आहे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या गर्डरला तडा गेल्याचे आढळले आणि जड वाहतूक थांबवण्यात आली. दुरुस्ती झाली, २०१६ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. शेजारचा नवा पूल २०२३ मध्ये खुला झाला. मधल्या काळात तासन् तास रांगेत अडकून आपण चरफडलो. पण पूल वेळीच बंद केल्यामुळे कुणाचे तरी प्राण वाचले असतील, हा विचार आपल्यापैकी किती जणांच्या मनात आला?

त्याच २०१६ साली, २ ऑगस्टच्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ सालचा दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहने काळोखात नदीत गेली. शेजारी नवा पूल असूनही एका दिशेची वाहतूक जुन्यावरूनच चालू होती. मे महिन्यात पाहणी झाली होती व पूल योग्य ठरला होता, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. बसमध्ये झोपलेल्या प्रवाशाला पुलाचे वय ठाऊक नव्हते. कुणीतरी नीट पाहिले असेल, एवढ्या भरवशावर तो झोपला होता.

यावर कुणी म्हणेल, म्हणूनच वेळीच दुरुस्ती करावी. पण गुजरातमधील मोरबीचा एकोणिसाव्या शतकातला झुलता पूल दुरुस्त करूनच खुला केला होता. चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबर २०२२ च्या रविवारी, तो तुटला आणि १३५ माणसे दगावली. मुख्य दोरातील ४९ पैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या, असे विशेष तपास पथकाला आढळले. वरचा पृष्ठभाग नवा झाला होता. भार पेलणारी तार जुनीच राहिली होती.

म्हणजे खरा प्रश्न जुने की नवे हा नाही. जिथे आपली नजर पोहोचत नाही, तिथे कुणी प्रामाणिकपणे पाहिले आहे का, हा आहे. शहाण्या माणसाने खडकावर आणि मूर्खाने वाळूवर घर बांधल्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या खाडीत तर पुलाच्या पायाशेजारची रेतीच उपसून विकली गेली. ती रेती कुणाच्या तरी इमारतीत गेली. त्या इमारतीतले घर आपलेही असू शकेल.

आमच्या मते यात दोन पापे आहेत. एक, जुन्यावर प्रेम असल्याचे सांगायचे, पण त्याच्या देखभालीचा खर्च करायचा नाही, आणि धोका अनोळखी वाटसरूच्या माथी मारायचा. दुसरे, वर्षानुवर्षे दुर्लक्ष करून पूल खिळखिळा होऊ द्यायचा आणि मग धोकादायक म्हणून पाडून टाकायचा. पहिल्यात माणूस जातो, दुसऱ्यात वारसा जातो. दोन्हींच्या मुळाशी आळसच आहे.

वारशासाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. शंका असेल तर पूल आधी बंद व्हावा. वाद नंतर घालता येईल. मात्र पूल बंद करणे म्हणजेही कुणाची तरी वाट अडवणे. वर्षानुवर्षे होडीच्या आधाराने जगलेल्या पाणजू बेटावरील माणसांना विचारा, पूल नसणे म्हणजे काय! आजारी माणसाला, शाळेच्या मुलाला पर्यायी वाट देणे हाही बंद करण्याच्या निर्णयाचाच भाग असला पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी असा वाद निघाला, तर आपण आवाज चढवण्याआधी साधे प्रश्न विचारू या. पुलाखाली जाऊन शेवटची पाहणी कुणी केली? अहवाल कुठे आहे? पुढील वर्षाच्या देखभालीचा पैसा कुठून येणार? उत्तरे समाधानकारक असतील तर जुना पूल अभिमानाने राखू या. नसतील, तर त्याचे आभार मानून त्याला निरोप देऊ या. नव्या पुलालाही हेच प्रश्न पहिल्या वर्षापासून विचारू या, कारण झोपलेला प्रवासी त्याच्यावरूनही जाणार आहे.