चिटणीस म्हणून सही करतोस ना?

बस खाली. आणि मी बोलतोय तोवर मोबाइल खिशात राहू दे.

तू ज्यांचा अर्ज लिहून दिलास त्या आजी परवा माझ्या पडवीत येऊन बसल्या. हातात परत आलेला अर्ज, त्यावर शेरा: सर्व्हे नंबर जुळत नाही. मी वाचला. नाव आजींचं, गाव आजींचं, सर्व्हे नंबर मात्र शेजारच्या वाडीचा! खाली तारीख जून 2020. शेजाऱ्याचा जुना अर्ज उघडलास, नाव बदललंस आणि बाकीचं डोळे मिटून छापलंस. वर त्याच फाइलीवर सेव्ह केलंस, म्हणजे शेजाऱ्याचाही कागद गेला. सत्तरी उलटलेल्या बाईला तुझ्यापायी भर उन्हात श्रीवर्धनला दोन हेलपाटे पडले. लाज वाटायला हवी.

2020च्या 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि मुरूड-श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. तेव्हा रात्र रात्र जागून तू गावाचे भरपाईचे अर्ज लिहिलेस. त्याचं कौतुक मला आजही आहे. म्हणूनच राग जास्त येतो. त्या घाईतले कागद अजून तसेच पसरलेले! 'अर्ज नवीन', 'अर्ज नवीन 2', 'अर्ज फायनल खरा'. ही काय नावं झाली? यातला खरा कुठला, हे तुला तरी सांगता येतं का?

दहा वर्षं पाठीवर दप्तर वाहिलंस, पण दप्तर म्हणजे काय ते शिकला नाहीस. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद चौकोनी फडक्यांत बांधलेले असतात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ आपल्या श्रीवर्धनचाच. त्या पेशव्यांच्या कारभारात चालते दफ्तर वेगळं होतं आणि एकबेरीज दफ्तर वेगळं. चालू कामाचे कागद पहिल्यात. खात्याखात्यांचे हिशेब येऊन, वर्गवारी होऊन, गोषवारे निघायचे ते दुसऱ्यात. आणि कोणाला कोणता मायना लिहायचा, याचे नमुने स्वतंत्र. हेमाद्रीच्या नावावर चालत आलेलं मेस्तक त्याच कामाचं. नमुना समोर ठेवून पत्र नव्या कागदावर उतरायचं. बोरू घेऊन नमुन्यावरच गिरवायचं कोणा कारकुनाच्या मनातही आलं नसतं. तू नेमकं तेच करतोस, आणि सहीखाली 'चिटणीस' लिहितोस!

आता नीट ऐक. कोऱ्या मसुद्यांचं फोल्डर वेगळं. त्यात एकाही माणसाचं नाव, नंबर, तारीख दिसता कामा नये. त्या जागी चौकोनी कंसात 'अर्जदाराचे नाव', 'सर्व्हे नंबर', 'क्षेत्र गुंठे' असं लिहायचं, म्हणजे भरायचं राहिलं तर कंस डोळ्यांत खुपेल. या फाइली फक्त वाचण्यापुरत्या उघडतील अशा कर. अर्ज लिहायचा तो नक्कल काढून, 'चालू' फोल्डरमध्ये. पोच मिळाली की तो 'झालेले'मध्ये, त्या वर्षाच्या फोल्डरात. बस, एवढंच. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असली भुयारं खणू नकोस; शोधताना तूच हरवशील.

फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: 2020-06-03. दिवस आधी लिहिलास तर सगळ्या वर्षांच्या तीन तारखा एका ओळीत येऊन बसतात आणि साल सापडत नाही. आणि मजकूर युनिकोडमध्येच. त्या जुन्या फॉन्टातली ग्रामसभेची इतिवृत्तं माझ्या संगणकावर उघडली, तर एक अक्षर वाचता आलं नाही. गावाचे ठराव असे वाचता येईनासे होतात आणि तू फॉन्ट सुंदर दिसतो म्हणून सांगतोस?

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन ये. फोल्डर माझ्यासमोर लावायचे. त्याआधी, आज संध्याकाळीच, आजींकडे जा. सातबारा मागून घे, नंबर त्यांना मोठ्याने वाचून दाखव, आणि नवा अर्ज तालुक्याला स्वतः नेऊन दे.